भिंतीकडे पाहणारी ढवळी

आमच्या हिवरखेडच्या गोठ्यात कायम एक ढवळी असायची. एक गेली की तिची लेक ढवळी व्हायची. माझ्या आईच्या लग्नात तिच्या माहेराहून, आर्वीकडून, आंदण म्हणून आलेली पहिली गाय शुभ्र, गवळाऊ जातीची होती, म्हणून ते नाव पडलं. पुढे गायीचा रंग बदलत गेला, नाव कोणी बदललं नाही. आज त्या दाव्याला आहे ती गाय काळीभोर, कपाळावर आणि पोटाखाली तेवढे पांढरे डाग. नवीन माणूस तिचं नाव ऐकून हसतो. आम्ही हसत नाही.

दिवेलागणीला ही गाय रवंथ थांबवायची, मान वळवायची आणि घराच्या मागच्या भिंतीकडे पाहत उभी राहायची. भिंतीवर पाहण्यासारखं काही नाही. माझ्या भाच्याने, नितेशने, तिला हिरवा रंग दिला आहे आणि पुढ्यात कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती रचली आहेत. पण गाय पाहायची तिथे पूर्वी दार होतं, आणि त्या दारात दिवेलागणीला माझी आई उभी राहायची. आईला जाऊन पस्तीसएक वर्षं झाली. ही गाय फार तर सहा वर्षांची.

आईचं नाव पार्वताबाई. भिजवलेली सरकीची ढेप घमेल्यात घेऊन ती मागच्या दारात यायची आणि हाक द्यायची, “ये वं माय, ये.” सगळ्या गुरांत एकट्या ढवळीला ती माय म्हणायची. मला आणि खुशालला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, अशी हाक कधी मिळाली नाही. आम्हाला “गोदे” आणि “खुशाल्या”, तेही काम सांगायचं असलं तर.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गावात जनावरांच्या दवाखान्यातले सूर्यभानजी सायकलवर थर्मास बांधून आले. गायीला बैल न दाखवता गाभण करायचं, आणि बीज विलायती बैलाचं, असं ते घरोघर सांगत होते. बाकीच्यांनी त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं. आमच्याकडे खुशाल हट्टाला पेटला. नुकती मिसरूड फुटलेली, नवं काही आलं की याला आधी हवं. आई अंगणात आली आणि थर्मासाकडे बघून म्हणाली,

“याच्यात बैल हाय?”

“त्याचं बीज हाय, काकू. बर्फात ठेवलं.”

“मंग नवरदेव कोठी?”

“तो लय दूर हाय. थंड्या मुलखातला.”

“म्हंजे नवरदेवानं सोता यायचं नाई, थर्मास धाडायचा!” आई म्हणाली. “बरं बापा. आजकाल तसंच असन.”

सूर्यभानजींचं काम उरकलं तसं ते निघाले, तर आईने त्यांना थांबवलं. आमच्याकडे गाय बैलाला दाखवून आणली की तिला गूळ चारायचे, कपाळाला हळदकुंकू लावायचे आणि बैल ज्याचा त्याच्या घरी नारळ द्यायचे. आईने गायीला गूळ चारला, हळदकुंकू लावलं. मग थर्मासालाही लावलं आणि नारळ सूर्यभानजींच्या पिशवीत टाकला. “जावयाच्या घरचा माणूस रिकाम्या हातानं कसा धाडू?” कुंकू लावलेला थर्मास घेऊन सूर्यभानजी गावातून गेले तेव्हा पारावरची माणसं पोट धरून हसली. त्यांनाही हसू आवरत नव्हतं, पण थर्मासावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही.

त्या वेताला जी कालवड झाली, तशी कालवड त्या मुलखात कोणी पाहिली नव्हती. रंग हरणासारखा. जन्मली आणि अंग पुसून होण्याआधी उभी राहिली. पुरती विलायती असती तर उन्हाने धापा टाकत बसली असती, पुरती गवळाऊ असती तर दूध वासरापुरतं दिलं असतं. हिने दोन्हीकडचं घेतलं होतं. वैशाखात बाकीची गुरं लिंबाखाली जीभ काढून पडायची, ही बांधावर चरत असायची. खुरकुताच्या साथीत अर्ध्या गावाची जनावरं खाली बसली, हिच्या तोंडाला साधी लाळ आली नाही. खाणं मात्र इतरांएवढंच. तेल्हाऱ्याहून माणसं तिला पाहायला यायची आणि खुशाल तिच्या पाठीवर हात ठेवून असा उभा राहायचा, जणू त्यानेच तिला जन्म दिला.

आणि तिथेच तो चुकला. हे मी त्याच्या तोंडावर पुष्कळदा बोलले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. त्याचा हिशेब सरळ होता. “एक डाव भायेरचं रक्त आलं तं एवढी ताकद. दोन डाव आलं तं किती व्हईन, सांग ना बाई?” मी मोठी म्हणून तो मला बाई म्हणतो. आई नको म्हणत होती. “आता इकडचा बैल पाह्य, खुशाल्या. लेक किती दूर धाडशीन?” पण गायीच्या बाबतीत घरात खुशालचाच शब्द चालायचा. त्याने तिच्या लेकीलाही विलायती बीज भरलं, लेकीच्या लेकीलाही. मागे कशाला जायचं, हेच त्याचं प्रत्येक वेळी. “मांग कावून जाऊ?”

दूध वाढलं, हे खरं. पण ते तेज पुन्हा दिसलं नाही. पुढची ढवळी उन्हात धापा टाकू लागली. तिच्यापुढची उलटायला लागली, महिनोन् महिने गाभण राहीना. एकीचं वासरू पायावर उभंच राहिलं नाही. खाणं दुप्पट, अंगावर काही दिसेना. गोठ्यात पंखा आला, मग डॉक्टर आठवड्याला यायला लागले. रंग आधी तांबूस झाला, मग ठिपकेदार, मग काळा. आई असेपर्यंत प्रत्येकीला ती त्याच दारातून त्याच हाकेने ढेप घालत राहिली.

शेवटच्या आजारपणात आई मागच्या खोलीत होती. मी अकोल्याहून, आमच्या जुन्या शहरातल्या घरून, तिच्याजवळ जाऊन राहिले होते. एका दुपारी ती चांगली शुद्धीत होती. मला म्हणाली, “गोदे, ढवळीचं दावं रिकामं पडू देऊ नको.” मी म्हटलं, “खुशाल आहे ना.” तर म्हणाली, “त्याले रंग समजते, वंश समजत नाई. दावं रिकामं झालं तं मी कोठी येऊ मंग?”

मी हसले. तीही हसली. तिची चेष्टा करायची तऱ्हाच तशी होती, तोंड न हलवता. पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटून राहिलं.

ती गेल्यानंतर दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी गोठ्यात दिवा लावला आणि ढवळी मान वळवून मागच्या दाराकडे पाहू लागली. ती आईच्या हातची होती, मला रडू आलं, पण नवल वाटलं नाही. काही वर्षांनी तिची लेक पाहू लागली. तिने आईला कधी पाहिलं नव्हतं. खुशाल म्हणाला, “मायपासून शिकली. मायजवळ बांधेल होती ना.” पटलं. मग खुशालने स्लॅब टाकला, मागचं दार विटांनी बुजवलं, स्वयंपाकघर पुढे घेतलं. दार गेल्यानंतर जन्मलेली गाय भिंतीकडे पाहू लागली. “हे बी मायपासूनच,” खुशाल म्हणाला. तेही आम्ही पटवून घेतलं. पण आमच्या घरच्या बायकांनी दिवेलागणीला त्या भिंतीपुढून जायचं सोडून दिलं. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं.

मग लम्पीची साथ आली आणि घरची ढवळी गेली. तिच्या पोटची एकही कालवड उरली नव्हती. खुशालला त्याआधीच लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती. त्याची खाट ओसरीत होती, तोंड गोठ्याकडे. मी भेटायला गेले तर तो रिकाम्या दाव्याकडे बघत पडलेला. मला म्हणाला, “बाई, मायले जागा नाई राह्यली.” मी त्याला आईचं ते वाक्य कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला देवानंद आठवला. खुशालच्या बायकोचा भाचा. मोझरीच्या अलीकडे त्याची डेअरी आहे, आणि पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडची एक कालवड त्याने नेली होती. खुशालच्या नितेशला म्हटलं, चल. तो म्हणाला, “आत्या, आता गुरं कोण पाह्यते? माही कंबर पाह्य.” पण आला.

देवानंदच्या शेडमध्ये गायी ओळीने उभ्या होत्या, कानात पिवळे बिल्ले. मी विचारलं, “यातली ढवळी कोणती?”

“आत्याबाई, इथं नंबर हायत, नावं नाईत,” तो हसून म्हणाला. मग कानांतले बिल्ले बघत बघत शेवटच्या टोकाला गेला. “तुमच्या कालवडीची नात ही. पण नेऊन काय करान? दोन डाव भरली, राह्यली नाई. मी काढूनच टाकणार होतो.”

काळी, बरगड्या दिसणाऱ्या त्या गायीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा जन्म त्या शेडमधला. तिच्या आईचाही. दोघींनी हिवरखेड पाहिलं नव्हतं. आम्ही तिला पिकअपमध्ये चढवलं आणि दर्यापूर, अकोट करत घरी आणलं. उतरवेपर्यंत ऊन कलत आलं होतं. नितेशने तिला दाव्याला बांधलं, रागिणीने, त्याच्या बायकोने, पाणी दाखवलं. ती पाणी प्यायली, चार घास खाल्ले, शेपटी हलवली. नवीन जागेतलं जनावर बुजतं तशी जराशी बुजलेली होती.

मग रागिणीने गोठ्यातला दिवा लावला.

गायीने चारा चघळणं थांबवलं. मान वळवली. भिंतीकडे पाहिलं. कान पुढे केले, हाक ऐकू आल्यावर करते तसे. आणि तशीच उभी राहिली.

नितेशच्या हातातली बादली खाली गेली. ओसरीतून खुशालचा आवाज आला, अर्ध्या तोंडाने बोलायचा तसा बोबडा, पण आनंदलेला. “बाई, आली का माय?”

 तिला शिकवायला कोणी माय नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. त्या दिवसापासून रागिणी संध्याकाळी गोठ्यात जाईना. मला म्हणाली, “आत्याबाई, गाईचं भेव नाई वाटत मले. थे ज्याच्याकडं पाह्यते, त्याचं वाटते.”

माझी नात भावना, माझ्या अमोलची मुलगी, अकोल्यात जनावरांच्या डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेते. संकरित गायींच्या रक्तावर तिचं काही संशोधन चाललेलं असतं. ढवळीच्या सगळ्या पिढ्यांची हकिकत मी तिला सांगितली, तशी ती रक्त काढून घ्यायला हिवरखेडला आली. पुढे एका रविवारी आमच्या घरी भाजी निवडत बसली असताना मला समजावून सांगू लागली.

“आजी, आपल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. खाल्लेलं अन्न तिथे जळतं आणि त्यातून ताकद मिळते. या चुली फक्त आईकडून येतात. बापाच्या येत नाहीत.”

“बापाचं काहीच नाही?”

“चुलीवरची भांडी दोघांकडून येतात. तुमची ती हरणाच्या रंगाची गाय आठव. तिला चूल आईची होती, आणि प्रत्येक भांड्याच्या जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. जे चांगलं बसेल ते वापरायचं. म्हणून त्याच चाऱ्यात तिची आच मोठी. आमच्या यंत्रावर पेशी किती प्राणवायू घेतात आणि त्यातून किती ताकद काढतात ते दिसतं. पहिल्या संकराच्या गायींचं फार सुंदर दिसतं.”

“आणि पुढे?”

“पुढे खुशालआजोबांनी दर वेळी विलायती बैल दिला. भांडी सगळी विलायती होत गेली. चूल मात्र तीच आर्वीची. बसत नाहीत ना. धूर जास्त, आच कमी. ढवळीचं रक्त अगदी तसं आलं.” मग तिने घाईने म्हटलं, “सगळं पक्कं झालेलं नाही हं. शोधणं चाललंय.”

मी मेथीची काडी हातात धरून बसले होते. मनात दुसरंच आलं. “म्हणजे ही काळी गाय बाहेरून पूर्ण परकी, पण आत पहिल्या ढवळीची चूल जशीच्या तशी?”

“जवळजवळ जशीच्या तशी.”

“मग ती भिंतीकडे पाहते ते...”

“नाही, आजी,” भावना म्हणाली. “चुलीत आठवण नसते. त्याचं मला नाही सांगता येत.”

थोड्या वेळाने मी विचारलं, “माझ्या आईची चूल तुझ्यात आहे का गं?”

तिने भाजीतून डोकं वर केलं नाही. “माझी माझ्या आईकडची आहे. तुझी बाबांमध्ये आहे. पण बाबा ती मला देऊ शकत नाहीत.”

मला मुलगी नाही. बहीण नाही. म्हणजे आईचं ते जे काही होतं, ते आता तिघांतच उरलं होतं. लकवा मारलेला एक म्हातारा, मी, आणि टक्कल पडलेला, बँकेत मॅनेजर असलेला माझा अमोल. मी हसले तर भावनाला वाटलं मी तिच्यावर हसते. तिने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “तुझ्या बाबाला सांग, जपून राहा.”

तिनेच मग उपाय सांगितला. ढवळीला आता गवळाऊचं बीज भरायचं. म्हणजे होणाऱ्या वासराला अर्धी भांडी पुन्हा चुलीच्या ओळखीची मिळतील आणि गेलेला जोम परत येईल. विलायती जातीत कालवडच होईल अशी बीजाची मात्रा मिळते, गवळाऊची तशी तिला कुठे मिळाली नाही. कालवड किंवा गोऱ्हा, जे नशिबात असेल ते. नितेशने ऐकून घेतलं आणि त्याचा निर्णय सांगितला. “आत्या, हे एक वेत. कालवड झाली तं ठेवू, तुमच्या ढवळीचं पुढं चालू देऊ. नाई झाली तं गोठा बंद. माह्यानं होत नाई आणि रागिणी घाबरून राह्यली.” तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आणि गाय गाभण राहिली. जिला देवानंद काढून टाकणार होता ती पहिल्याच खेपेला राहिली. सगळे दिवस मी अकोल्यात राहून हिवरखेडचा फोन आला की आधी गायीचं विचारायची, मग भावाचं. खुशालला ते कळलं तर म्हणाला, “बरोबर हाय.”

पौषात तिचे दिवस भरले तेव्हा मी आणि भावना तिथेच होतो. थंडी एवढी की ओसरीत खुशालवर दोन गोधड्या टाकल्या होत्या. दुपारपासून ढवळी ऊठबस करू लागली. गावातला डॉक्टर आला, पण भावनानेच कोपरापर्यंत हात धुतला. ढवळी अशक्त होती, कळा द्यायला तिच्यात जोर नव्हता. मध्येच ती आडवी झाली आणि डोळे फिरवले. रागिणी, जी संध्याकाळी गोठ्यात पाय ठेवत नव्हती, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणू लागली, “माय वं, ऐकतं का, असं नोको करू.” वासराच्या पायांना बांधलेली दोरी मी धरली, नितेशने धरली. बाहेर ऊन उतरत होतं.

मला एकच गोष्ट दिसत होती. ही गाय गेली किंवा गोऱ्हा झाला, तर आर्वीहून माझ्या आईबरोबर चालत आलेलं ते सगळं आजच्या दिवसावर संपणार. मग आई कुठे येणार? मी शिकलेली बाई आहे, शाळेत पोरांना शिकवलेलं आहे. तरी दोरी ओढताना मी हेच म्हणत होते.

वासरू आलं. एकदम, भावनाच्या अंगावर. तिने त्याचं नाक-तोंड पुसलं, कानात फुंकर घातली, आणि मागचा पाय उचलून पाहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

ओसरीतून खुशाल विचारत होता, “काय झालं? कावून कोणी बोलत नाई?”

शेवटी रागिणीच म्हणाली. “गोऱ्हा झाला, मामंजी.”

खुशाल हसला की रडला ते कळलं नाही. त्या तोंडातून दोन्ही सारखंच येतं. “एवढं सारं करून गोऱ्हा!”

नितेश दोरी गुंडाळू लागला, माझ्याकडे न बघता. मी कुटाराच्या पोत्यावर बसले. मला वाटलं होतं मी रडेन, पण आत काहीच हललं नाही. मग माझ्या पायाला ओलं काही लागलं. गोऱ्हा उभा राहिला होता. अजून डॉक्टरने हातही धुतले नव्हते, ढवळी अजून उठलीही नव्हती, आणि तो फताडे पाय टाकत, एकदा पडून, पुन्हा उठून माझ्यापर्यंत आला होता. रंग करडा, कानांच्या टोकांना काळा, खांद्यावर वशिंडाचा बारीक उंचवटा. त्या थंडीत त्याच्या अंगातून वाफ निघत होती.

“आजी, हात लाव,” भावना म्हणाली. तिचा आवाज परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखा होता. “भट्टी आहे नुसती. बघ तर.”

मी हात लावला. हाताला ऊब लागली ती ओल्या वासराची वाटली नाही. त्याच्या आत काही जोरात, न थकता चाललेलं होतं.

“याच्यात ती आहे ना?” मी विचारलं.

“आहे, आजी. सगळी आहे. इतकी चांगली पेटलेली मी अजून कुठे पाहिली नाही.” मग म्हणाली, “पुढे नाही जाणार, एवढंच.”

ढवळीने हुंकार दिला. गोऱ्हा वळला आणि तिच्याकडे गेला. ती कशीबशी उठली आणि त्याला चाटू लागली, डोक्यापासून, हळूहळू, जणू तिला आता दुसरं काही काम नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गाय वाचेल, पण हिला पुन्हा गाभण करू नका. नितेशने मान हलवली. त्याने ठरवलेलं आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि गोऱ्ह्यांचं काय होतं तेही. अकोटच्या रस्त्यावर दुभाजकाला टेकून उभे असतात ते सगळे कोणाच्या तरी गोठ्यातले असतात.

“नितेश,” मी म्हटलं.

“माहीत हाय, आत्या,” तो म्हणाला. “हा नाई जाणार. गोठा हा हाय तवर चालू. पण हा शेवटचा.” मग रागिणीकडे पाहून म्हणाला, “तुले भेव वाटत असन तं मी बांधत जाईन सांजच्याले.”

रागिणी गोऱ्ह्याची नाळ पाहत होती.

तेवढ्यात अंधारून आलं आणि भावनाने गोठ्यातला दिवा लावला. भिंतीचं तिच्या ध्यानात नव्हतं, तिने सवयीने बटण दाबलं. रागिणीचा हात गोऱ्ह्याच्या पोटावर तसाच राहिला. नितेश थांबला. ओसरीत खुशालने गोधडी खाली ओढून मान उचलली. सगळे ढवळीकडे पाहत होते.

ढवळी चाटत राहिली. मान, पाठ, शेपटीचं मूळ. तिने डोकं वर केलं नाही. दिवा लागला हे तिला कळलं की नाही कोण जाणे. गोऱ्हा तिच्या पोटाखाली ढुसण्या देत दूध शोधत होता. थोडा वेळ आम्ही वाट पाहिली. मग आणखी थोडा. तिने भिंतीकडे पाहिलं नाही.

“आली वाटते माय,” खुशाल ओसरीतून म्हणाला. “आता कोणाची वाट पाह्यन थे?”

रागिणीने सुस्कारा टाकला. नितेश हसला, आणि गोठ्यातली माणसं एकदम मोकळी झाली. भावना बादलीत हात धुऊ लागली, डॉक्टरांना चहा विचारला गेला, ते म्हणाले साखर कमी. खुशालचं खरं असेल. आई त्या वाफेच्या वासरात आली असेल आणि दाराची वाट पाहायची गरजच उरली नसेल. किंवा असंही असेल की वासरू होताच गायीला कळलं, आता कोणी येणार नाही.

मला यातलं कोणतं खरं ते ठरवता आलं नाही. एकेक करून सगळे घरात गेले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला. हिवरखेडवर थंडी उतरली होती, भिंतीचा हिरवा रंग दिव्यात काळपट दिसत होता, पोत्यांच्या वर, जिथे चौकटीची कड असायची तिथे, बुजवलेल्या विटांची एक बारीक रेघ गिलाव्यातून वर आलेली होती.

“आत्याबाई, आत या ना,” रागिणीने आतून हाक दिली. “कोणाकडं पाहून राह्यल्या तिकडं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाय आणि गोऱ्हा माझ्या पाठीमागे होते, आणि भिंतीकडे तोंड करून उभी असलेली त्या गोठ्यात मी एकटीच होते.

“येते,” मी म्हटलं. “तू वाढून घे.” आणि तिथेच उभी राहिले.